रंगांची पट्टी

पालम
३ डिसेंबर २०२४

वैजयंती,

तू पाठवलेलं पार्सल मिळालं. न उघडता परत पाठवत आहे. वर शिवकन्येचं नाव होतं म्हणून आधी तिला दाखवलं. ती म्हणाली, "आप्पा, ज्याचं त्याला वापस करा." तसं करत आहे. यात माझा हात नाही.

तुला मातीला येता आलं नाही याबद्दल तू शेजारच्या धुरपताबाईंना फोनवर बरंच बोललीस असं कळलं. तुझी सख्खी बहीण होती, तुला वाईट वाटणार. महानंदा १९ नोव्हेंबरला पहाटे गेली. स्वामींना बोलावलं आणि दुपारी चार वाजता तिला समाधी दिली. तुला संध्याकाळी कळवलं, कारण सकाळी कळवून तू हैदराबादहून वेळेत पोचली नसतीस असा माझा अंदाज होता. आपल्या रीतीप्रमाणे तिला बसवलं आणि गळ्यातलं इष्टलिंग डाव्या हातात ठेवलं. हात फार बारीक झाला होता. बोटं मिटेनात म्हणून स्वामींनी ती थोडा वेळ धरून ठेवली. तुला कळावं म्हणून लिहितो.

आणखी एक. शिवकन्या मला विचारते की मावशी मोठ्या दवाखान्यात रोज बायकांच्या छातीचे फोटो काढते, मग तिला आईचं कसं कळलं नाही? मी तिला काय सांगावं? १४ मार्च २०२३ ला परभणीत तपासणी झाली. ती तूच ठरवली होतीस, डॉक्टरबाईही तुझ्या ओळखीच्या. त्याच दुपारी मशीनवरचं चित्र मी तुला मोबाईलवर पाठवलं. तू फोनवर म्हणालीस, "दाजी, निळं दिसायलंय. म्हणजे गाठ मऊ आहे. घाबरू नका." फोनचा आवाज मोठा केलेला होता. महानंदा शेजारी उभी होती, शिवकन्याही होती. तिघांनी ऐकलं. तुझ्या शब्दावर आम्ही तेरा महिने थांबलो.

मला बोल लावायचा नाही. जे झालं ते तारखेसह लिहिलं आहे.

पुन्हा काही पाठवू नये.

बसवंत


पालम
९ फेब्रुवारी २०२५

वैजयंती,

तुझं आठ पानांचं पत्र मिळालं. तुझा नंबर मी बंद करून ठेवला आहे म्हणून तू लिहिलंस, हे ठीक केलंस. मलाही लिहिणं सोपं जातं.

तू मशीनच्या खोलीतलं काम सोडलंस आणि आता नोंदणीच्या खिडकीवर बसतेस असं लिहिलं आहेस. कोणत्याही चित्राचा अर्थ लावायचं धाडस होत नाही, असंही. मला विचारशील तर सोडलंस ते बरं झालं. दुसऱ्या कुणाच्या घरी असं व्हायला नको.

माफीचं लिहिलंस. ते माझ्या हातात नाही. जिच्या हातात होतं ती गेली.

त्या दिवशी तू रिपोर्टचा कागदही पाठवा म्हणालीस, एकदा नाही, तीनदा, असं तुझं म्हणणं आहे. मला आठवत नाही. मार्चमध्ये दहावीच्या परीक्षा असतात, माझ्याकडे केंद्राचं काम होतं. मूळ रिपोर्ट आता पाठवा म्हणतेस. तो सापडत नाही.

तपासणीचा दिवस कसा गेला ते तुला हवं आहे. लिहितो.

पालमहून सकाळच्या एसटीने गेलो. महानंदा खिडकीजवळ बसली होती. तिथं बारा बायका आमच्या आधी होत्या. एक म्हातारी झरीहून आली होती, ती तिच्याशी बोलत बसली. आत बोलावलं तेव्हा डॉक्टरबाईंनी मलाही येऊ दिलं. गळ्यातलं काढून ठेवा म्हणाल्या. महानंदा म्हणाली, "बाई, लिंग मरस्तोवर उतरवायचं न्हाई आमच्यात. मी हातात धरते, तुमी तुमचं करा." मग तिनं दोरा तसाच ठेवून लिंगाची चांदीची करंडी डाव्या मुठीत धरली आणि हात डोक्यामागं घेतला.

आधी साधी सोनोग्राफी झाली. मग बाईंनी मशीनचं एक बटण बदललं. मी विज्ञान शिकवतो हे तू त्यांना सांगितलेलं असणार, कारण त्या मला समजावून सांगू लागल्या. गाठीवर वरून अगदी हलका दाब द्यायचा. मऊ भाग चेपतो, कडक भाग चेपत नाही. किती चेपलं ते मशीन मोजतं आणि पडद्यावर रंग भरतं. जोरात दाबलं तर सगळंच कडक दिसतं, म्हणून हाताचा भार द्यायचा नाही. महानंदा पडल्या पडल्या म्हणाली, "कडक का नरम ते हाताला बी कळतंय की बाई. मी रोज दोन टाईम पीठ मळते."

बाई हसल्या. "मावशी, तुमच्या हाताला कळतं हो. पण तुमच्या हाताचा रिपोर्ट कुणी मानत नाही ना."

"घरात बी न्हाई मानत," महानंदा म्हणाली आणि माझ्याकडं पाहिलं.

नंतर कागद मिळाला, मी तो घडी घालून खिशात ठेवला. स्टँडवर तिनं उसाचा रस घेतला. तिथूनच तुला चित्र पाठवलं. शिवकन्या परभणीतच कामाला आली होती, ती तिथं भेटली. पुढचं तुला माहीत आहे.

दिवाळीत ती मला म्हणाली, "अवो, ही लय टणक लागायलीय."

मी म्हणालो, सहा महिन्यांनी बघायचं ठरलंय.

"सहा झाले की."

"मग बघू."

ती पुन्हा विचारत नसे. तिला एकदाच विचारायची सवय होती. माझी सवय तुला ठाऊक आहे, मी फार बोलत नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये शिवकन्येला धुण्यात तिचं पोलकं सापडलं, त्यावर रक्त होतं. महिनाभर ती आत जुन्या धोतराच्या घड्या ठेवत होती. नांदेडला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, इतके दिवस कुठं होतात?

उत्तर पाठवायची गरज नाही.

बसवंत


पालम
२२ जून २०२५

वैजयंती,

हे पत्र कामाचं आहे.

शिवकन्येच्या छातीत उजव्या बाजूला गाठ आहे. मला तिनं सांगितलं नाही. तिनं धुरपताबाईंना सांगितलं आणि त्यांनी मला. बोराएवढी आहे म्हणतात. किती दिवसांपासून ते सांगत नाही. ती सत्तावीस वर्षांची आहे हे तुला माहीत आहेच.

मी तिच्याशी बोललो. ती कृषी सहायक आहे, दिवसभर शेतावर हिंडते, संध्याकाळी घरी येऊन भाकरी टाकते. तेव्हाच बोललो.

मी म्हणालो, "परभणीला जाऊ. सोनोग्राफी करून घेऊ. ती कडकपणा मोजायची तपासणीही होते."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "आईचं काय मोजलं त्यांनी?"

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं? निळं आलं. मऊ हाय म्हणाले. त्या मऊ गाठीनं आई सडून मेली, आप्पा. मी पट्ट्या बदलल्यात तिच्या."

"मशिनी आता सुधारल्या आहेत."

"मावशीनं चौदा वर्षं हेच काम केलं. तिला जमलं न्हाई. आन् परभणीतल्या कुण्या बाईला जमंल?"

मी म्हणालो, मग सरळ सुईची तपासणी करू. ती म्हणाली, "कशाला? ती बी एखादी मावशी बघंल आन् मऊ म्हणंल. मरायचंच असलं तर रंग बघून कामून मरू? तशीच मरते."

मग म्हणाली, "जेवा. गार व्हायलंय."

यानंतर दोनदा प्रयत्न केला. एकदा तिच्या ऑफिसातल्या राजेश्री नावाच्या बाईंना मध्ये घातलं. शिवकन्येनं त्यांच्याशी बोलणंच बंद केलं. धुरपताबाई तिला चारठाण्याच्या देवळात नेऊन आणते म्हणाल्या, त्यांच्यासोबत मात्र गेली. तिथून येऊन गाठीवर भस्म लावून बसते.

मी विचार केला. तिचा मशीनवर राग नाही, तुझ्या शब्दावर आहे. म्हणून तू ये. तिच्यासमोर बस आणि कबूल कर की चूक तुझी होती, मशीनची नव्हती. तू घाईत पाहिलंस, नीट पाहिलं नाहीस, असं सांग. रड हवं तर. तिला एकदा पटलं की चूक एका माणसाची होती, तर ती दुसऱ्या माणसाकडे जाईल.

तुला हे करावं लागेल. आईला तुझ्यामुळे उशीर झाला, मुलीला होऊ नये.

बसवंत


पालम
११ जुलै २०२५

वैजयंती,

तू शिवकन्येला फोन केलास. मी पुढच्या खोलीत होतो. ती एवढंच म्हणाली, "तुमचा आवाज ऐकला तरी आईचा वास येतो मला," आणि फोन ठेवला. पट्ट्यांचा वास म्हणायचं होतं तिला. नंतर तुझं पत्र आलं. तू लिहितेस की तुझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास राहिलेला नाही, तर त्या पोरीला कुठल्या तोंडानं सांगू की तपासणीवर विश्वास ठेव.

गाठ वाढली आहे. धुरपताबाई बघतात, त्या म्हणतात आता लिंबाएवढी.

तुझी चूक नव्हती. एवढीच ओळ लिहून पाकीट बंद करायचं ठरवलं होतं. पण तुला ते पटणार नाही, तू तीन पानं प्रश्न विचारशील. म्हणून कारण लिहितो.

सगळ्या मशिनींचे रंग सारखे नसतात. तुमच्या हैदराबादच्या मशीनवर लाल म्हणजे कडक आणि निळं म्हणजे मऊ. परभणीच्या त्या मशीनवर उलटं होतं. निळं म्हणजे कडक. चित्राच्या कडेला रंगांची एक उभी पट्टी असते, तिच्या वरच्या टोकाला मऊ आणि खालच्या टोकाला कडक असं लिहिलेलं असतं. ती पाहिल्याशिवाय रंगाचा अर्थ लावता येत नाही. तुला मी पाठवलेल्या चित्रात ती पट्टी नव्हती.

मोबाईलवर फोटो काढताना ती राहून गेली, मलाही हे नंतर कळलं, असं तुला लिहायचं होतं. तसं पत्र लिहून पूर्णही केलं होतं. ते फाडलं, कारण तू डॉक्टरबाईंना फोन करशील आणि त्या तुला सांगतील की त्यांनी मला तिथंच पट्टी दाखवली होती.

मी पट्टी कापली. रिपोर्टवरच्या चित्राचा फोटो काढला तेव्हा ती त्यात होती. स्टँडवर उभं राहून मी ती कापली. चित्राच्या खाली तीन ओळी होत्या त्याही कापल्या. एकीत लिहिलं होतं, कडकपणाचे गुण पाचपैकी पाच. दुसरीत, आजूबाजूच्या चरबीच्या सहापट कडक. तिसरीत, सुईने तुकडा काढून तपासणी तातडीने करावी. डॉक्टरबाईंनी तोंडानेही सांगितलं होतं. महानंदा कपडे सावरायला आत होती तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, ह्याच आठवड्यात करा. आणि तुमच्या मेव्हणीबाईंकडे घेऊन जा, तिथं सगळी सोय आहे."

निळ्यावरून तू काय म्हणशील ते मला ठाऊक होतं. आदल्या रात्री तू महानंदाला फोनवर धीर देत होतीस की आमच्याकडं लाल आलं तर काळजी, निळं आलं तर बिनघोर. मी जेवत होतो. ऐकलं.

आता का केलं ते.

तिला हैदराबादला तुझ्याकडे सहा-आठ महिने राहावं लागलं असतं. ती परत आली नसती. तू म्हणशील की आजारी बाई कुठं जाते. तुला ठाऊक नाही. २०१४ साली चारठाण्याला नागेशच्या घरी बैठक झाली. नागेश माझा आतेभाऊ, त्याच्याशी तुझं लग्न मीच जुळवलेलं. तिथं दहा माणसांसमोर मी म्हणालो की नागेश हात उगारणारा माणूस नाही, वैजयंतीलाच नांदायचं नाही. नागेशचा हात सुटतो हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. महानंदालाही माहीत होतं की मला माहीत आहे. त्या दिवशी एसटीत ती मला म्हणाली, "तुमी खोटं बोललाव." त्यानंतर साडेतीन महिने मी तिच्याशी बोललो नाही. एकाच घरात, एकाच ताटाला. हे तिनं तुला कधी सांगितलं नसेल. नंतरही असं पाच-सहा वेळा झालं, कधी महिना, कधी दोन. २०२३ च्या जानेवारीत ती मला म्हणाली होती, "पोरीचं एकदा झालं की मी वैजूकडं जाणार हाय राहायला. कायमची." भांडून म्हणाली नाही, तूर निवडता निवडता म्हणाली.

दोन महिन्यांत गाठ निघाली.

मला वाटलं की सहा महिने जाऊ द्यावेत. तिच्या डोक्यातलं तुझ्याकडं जायचं निघून जाईल, मग इथंच नांदेडला करू. ती मरेल असं मला वाटलं नव्हतं. वाटलं नव्हतं हे खरं आहे, पण कागदावर काय लिहिलंय ते मी वाचलं होतं, हेही खरं आहे. सहा महिन्यांनी सांगायचं म्हणजे सहा महिने का सांगितलं नाही तेही सांगावं लागणार होतं. म्हणून सातव्या महिन्यातही राहिलं. पुढं प्रत्येक महिन्याला ते जास्त अवघड होत गेलं.

नांदेडच्या डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागितला तेव्हा मी हरवला म्हणालो. महानंदा पलंगावर होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि भिंतीकडं तोंड केलं. तिला काय कळलं होतं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तो रिपोर्ट शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात आहे, जुन्या प्रात्यक्षिक वह्यांच्या खाली.

मातीचंही लिहून टाकतो. पहाटे कळवलं असतं तर तू वेळेत पोचली असतीस.

आता माझी विनंती. हे सगळं शिवकन्येला कळू नये. तिला आई नाही, फक्त मी आहे. हे कळलं तर तिला कुणीच राहणार नाही. तू इथं ये आणि तिला सांग की मशीन बरोबर होतं, पट्टी कडेला होती, पण तू ती पाहिली नाहीस. सव्वा वर्ष हा दोष तू सोसलास. आणखी थोडे दिवस सोसलास तर तुझं असं काय जाणार आहे? तुला मूल नाही. तुला घरी येऊन कुणाला तोंड दाखवायचं नाही.

विचार करून कळव. लवकर.

बसवंत


पालम
३० जुलै २०२५

शिवकन्या,

मी शाळेत गेल्यावर हे वाच. एका घरात राहून पत्र लिहितो आहे कारण तुझ्यासमोर मला हे बोलता येणार नाही. यासोबत दोन कागद आहेत. एक तुझ्या आईचा १४ मार्च २०२३ चा रिपोर्ट, पूर्ण, पट्टीसह. दुसरी मी मावशीला लिहिलेल्या पत्राची झेरॉक्स. ती मावशीनंच मला परत पाठवली. मूळ पत्र तिनं स्वतःकडं ठेवलं आहे. झेरॉक्सवर तिनं लिहिलंय ते वाच: "दाजी, हेच पोरीला द्या. शुक्रवारपर्यंत नाही दिलं तर शनिवारी मी स्वतः घेऊन येते."

म्हणून देत आहे. तिनं धमकी दिली नसती तर दिलं असतं का, हे तू विचारशील. नसतं दिलं.

मशीन बरोबर होतं. डॉक्टरबाई बरोबर होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी जे आहे ते सांगितलं आणि लिहूनही दिलं. मावशीला मी अर्धं चित्र पाठवलं होतं. तुझ्या आईला ते कुणी सांगितलं नाही, कारण सांगणारा मी होतो.

रिपोर्टमधले शब्द तुला कळतील. तरी सांगतो. दाबल्यावर गाठ न चेपणं हा एक इशारा असतो. पक्का निकाल सुईच्या तपासणीतच लागतो. कडक निघाली म्हणजे कर्करोगच असं नाही, मऊ निघाली म्हणजे सुटलो असंही नाही. तुझ्या वयात बहुतेक गाठी साध्या असतात. पण आईला होता म्हणून थांबू नये. हे सगळं मी परवा त्याच डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं. मी कोण बोलतोय ते सांगितलं नाही.

तुझा राग माझ्यावर असू दे. तपासणीवर ठेवू नकोस.

हे दिलं तरी मावशी तुला न्यायला येणारच आहे, शनिवारी सकाळी परभणी स्टेशनला उतरते. तिच्याबरोबर जा.

आप्पा


पालम
१४ सप्टेंबर २०२५

शिवकन्या,

तुझा मेसेज शाळेतल्या दत्ता शिपायानं मला वाचून दाखवला. माझा चष्मा वर्गात राहिला होता. तो मोठ्यानं वाचत गेला: "तपासणी झाली. सुईची पण झाली. निकाल आला. मी तुम्हाला सांगणार नाही. मावशीला विचारू नका, ती पण सांगणार नाही." दत्ता वाचून झाल्यावर म्हणाला, "सर, हे काय समजलं न्हाई." मी म्हणालो, घरगुती आहे.

सहा आठवडे झाले. तू कागद वाचलेस त्या संध्याकाळचं मला पुन्हा पुन्हा आठवतं. मी शाळेतून आलो तर कागद ओट्यावर होते. तू भाकरी टाकत होतीस. मला वाढलंस आणि समोर बसलीस. मी अर्धी भाकरी खाल्ल्यावर तू विचारलंस, "आई म्हणाली, सहा झाले की म्हणून, तवा तुमचा घास अडकला व्हता का?"

मी म्हणालो, नाही.

तू म्हणालीस, "मग खा." आणि माझं जेवण संपेपर्यंत उठली नाहीस. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. शनिवारी मावशी अंगणापर्यंत आली. तिनं माझ्याकडं न बघता तुझी पिशवी उचलली. तू हात पुढं केलास, पण पिशवी तिनं तुला उचलू दिली नाही.

तू हैदराबादहूनच रजा वाढवलीस असं तुझ्या ऑफिसातून कळलं. रजा वाढवली म्हणजे उपचार चालू आहेत, असं मी धरलं. मग वाटलं की नसतीलही, तुला नुसतं इकडं यायचं नसेल. वैद्यकीय रजा आहे का साधी, हे राजेश्रीबाईंना विचारायला गेलो. त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या मुलीनं सांगू नका म्हणून सांगितलंय," आणि मला चहा दिला. मी चहा घेतला.

मावशीला मी नऊ दिवसांत चार पत्रं पाठवली. चारही न उघडता परत आली.

मला विचारायचा हक्क नाही, असं या पत्रात लिहिणार होतो. लिहिलंही होतं, खोडलं. मी विचारतो आहे. निकाल काय आला? एक शब्द पाठव. कागद नको, कारण नको. तू परत ये असं म्हणत नाही. मला माफ कर असंही म्हणत नाही. मला फक्त तो शब्द हवा आहे. रोज सकाळी मी एक धरतो आणि रात्री दुसरा धरतो, आणि दोन्ही धरून माझं काम चालत नाही. फळ्यावर मधेच थांबतो. मुलं हसतात.

काल धुरपताबाई कढी घेऊन आल्या. दारातूनच म्हणाल्या, "सर, लेकराचं काय निघालं वो? साधी गाठ हाय का तसलीच?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

"अवो, असं कसं? महिना उलटून गेला. काई तरी सांगितलं असंल की."

"मला सांगितलेलं नाही, धुरपताबाई. खरंच सांगितलेलं नाही."

त्यांनी कढीचं भांडं उंबऱ्यावर ठेवलं. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "नगा सांगू. महानंदाबाईचं बी असंच झाकून ठेवलं व्हतं तुमी लोकांनी. शेजाऱ्याला सांगितल्यानं काय रोग वाढत न्हाई, सर."

मी पुन्हा सांगितलं की मला खरोखर माहीत नाही. तोपर्यंत त्या त्यांच्या दारात पोचल्या होत्या.

आप्पा